पायथनमधली मेमरी लीक (काम झाल्यावरही मेमरी मोकळी न होणं) टेस्टमध्येच आपोआप पकडता येते का?

येते. पायथन ३.४ पासून ट्रेसमॅलॉक हे मेमरी कुठे घेतली याची नोंद ठेवणारं मॉड्यूल सोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. संशय असलेलं फंक्शन आधी पाच-दहा वेळा नुसतंच चालवा, म्हणजे कॅशे, इम्पोर्ट वगैरे एकदाचे भरून होतात. ही पायरी गाळली की टेस्ट उगाच बोंब मारते. मग गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा पायथनचा भाग) हाताने चालवून ट्रेसमॅलॉकचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, घ्या, फंक्शन हजारभर वेळा फिरवा, पुन्हा कलेक्टर, पुन्हा स्नॅपशॉट. दोन्हींची तुलना केली की कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर मेमरी वाढली ते दिसतं. वाढ शून्यच हवी असा हट्ट नको, थोडी मर्यादा ठेवा. फेऱ्या दुप्पट केल्यावर वाढही दुप्पट झाली, तर लीक नक्की समजा. माझ्या अनुभवात चोर बहुधा एखादी ग्लोबल डिक्शनरी किंवा न काढलेला कॉलबॅक असतो.

एक गोची आहे: सी एक्स्टेंशनने (सी भाषेत लिहिलेल्या पायथन मॉड्यूलने) थेट मॅलॉक या सीच्या फंक्शनने घेतलेली मेमरी ट्रेसमॅलॉकला दिसत नाही. तिथे व्हॅलग्राइंडसारखं मेमरी तपासणारं वेगळं साधन लागतं, आणि व्हॅलग्राइंड चालवताना पायथनमॅलॉक (PYTHONMALLOC) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘मॅलॉक’वर ठेवा, नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा ढीग पडेल. ते फार संथ असल्यामुळे प्रत्येक कमिटला नको, रात्रीच्या बिल्डला लावा.