मराठी वेबसाइटवरच्या जाहिरातींतून महिन्याला 30 हजार मिळतील का? नोकरी सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नागपूरचे, खासगी नोकरीत आहात. मराठीत माहितीची वेबसाइट काढून ॲडसेन्सच्या (वेबसाइटवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) जाहिरातींवर महिन्याला 30 हजार रुपये मिळतील का, आणि मिळणार असतील तर नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का?

नोकरी सोडू नका, भाऊ. एवढं सांगून मोकळा झालो असतो, पण तुम्ही नागपूरचे निघालात आणि वर आकडाही दिलात, म्हणून हिशेबच मांडतो.

मी 2019 पासून मराठीत एक वेबसाइट चालवतो. विषय घरचाच आहे: कूलर, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, घरातलं वायरिंग. बाबांचं नागपूरच्या महाल भागात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. माझ्या उन्हाळ्याच्या सुट्या जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसण्यात आणि लोकांच्या घरी जाऊन कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, बदलण्यात गेल्या. लिहायला बसलो तेव्हा तेच सुचलं. दिवसा हिंगणा एमआयडीसीत नोकरी, रात्री जेवणं आटोपली की लिखाण. आजही तसंच सुरू आहे, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं.

आता 30 हजारांचं. या धंद्यात आरपीएम नावाचा एक आकडा असतो. तुमची हजार पानं उघडली गेली की तुमच्या हातात किती पडले, तो आकडा. मराठीत तो लहानच असतो. एक डॉलर धरा आणि डॉलर 85 रुपयांचा धरा. 30 हजारांसाठी महिन्याला साडेतीन लाख पानं उघडली जायला हवीत, म्हणजे रोज जवळपास पावणेबारा हजार. आरपीएम अर्धा डॉलर पडला तर याच्या दुप्पट. नव्या वेबसाइटवर पहिल्या सहा महिन्यांत रोज शंभर माणसं आली तरी पेढे वाटावेत. माझी पहिल्या अकरा महिन्यांची सगळी मिळून कमाई 14 डॉलर होती. डोमेन आणि होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइटचं नाव आणि इंटरनेटवरची जागा यांचा, खर्चसुद्धा निघाला नाही.

हे ऐकून बहुतेक जण ठरवतात की मग वाचकच वाढवायचे. मीही तेच ठरवलं होतं आणि त्यात दोन वर्षं घालवली.

माझ्याकडे सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आहे, कूलरच्या टाकीला हात लावला की करंट का लागतो, याचं. एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर झुंबड असते. दुसरं एक पान आहे, दहा बाय बाराच्या खोलीला कूलर पुरेल की एसी घ्यावा, आणि घ्यायचाच तर किती टनाचा. याला पहिल्याच्या पाचवा हिस्साही वाचक नाहीत. पण मे महिन्याचा हिशेब उघडला तर पैसे या दुसऱ्यानं जास्त दिलेले असायचे, दरवर्षी, पहिल्यावर जाहिराती होत्या तेव्हाही. करंटचं पान उघडणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला काही विकत घ्यायचं नसतं. एसीचं पान वाचणाऱ्याचं घरात बोलणं झालेलं असतं, बायकोनं हो म्हटलेलं असतं, फक्त कोणता घ्यायचा तेवढं राहिलेलं असतं. त्याच्या डोळ्यांसमोर आपली जाहिरात यावी म्हणून एसीवाले, इन्व्हर्टरवाले आणि हप्त्यानं कर्ज देणारे एकमेकांवर बोली चढवतात.

बोली हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. पान उघडतं त्या क्षणी त्या जागेसाठी खरोखरच लिलाव होतो. कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव पाहिला असेल तुम्ही. ढीग केवढा मोठा आहे याला महत्त्व असतंच, पण त्या सकाळी ढिगाभोवती घेणारे किती उभे आहेत, त्यावर भाव ठरतो. मराठी पानाभोवती घेणारे कमी उभे असतात, म्हणून आपला भाव कमी. ॲडसेन्स 2003 मध्ये सुरू झालं, त्यात हिंदी 2014 मध्ये आली आणि मराठी 2018 मध्ये. मराठीतून जाहिरात करणारा दुकानदार अजूनही पेपर आणि फ्लेक्सकडेच आधी जातो.

तेव्हा विषय निवडताना 'किती लोक शोधतात' याच्या आधी स्वतःला विचारा, की हे वाचून झाल्यावर माणूस पैसे खर्च करणार आहे का. सुविचार, वाढदिवसाच्या शुभेच्छा, उखाणे यांना वाचक अफाट आहेत, पण त्यांच्यातला कोणीही काही घ्यायला निघालेला नसतो. सरकारी योजनांच्या वेबसाइटांचंही तसंच. 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला 1500 रुपये, आणि जुलैत अख्खा महाराष्ट्र मोबाइलवर फॉर्म शोधत होता. माझ्या ओळखीतल्या एकानं त्या महिन्यात इतके वाचक पाहिले की गाडी बुक करायला निघाला. नंतर गर्दी ओसरली, आणि 'तारीख वाढली का', 'हप्ता आला का' असे मथळे देऊन खाली काहीच नसलेली पानं तो पाडत बसला. मला हा प्रकार आवडत नाही. ज्या बाईला 1500 रुपयांची गरज आहे तिला पाच जाहिराती ओलांडायला लावून शेवटी 'लवकरच कळवू' असं सांगायचं, म्हणजे काय!

हंगामाचा मुद्दा तुमच्या 30 हजारांशी थेट जोडलेला आहे. माझा आलेख मार्चपासून चढतो, नवतप्यात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) टोकाला जातो आणि मृगाचा पहिला बरा पाऊस पडला की दाणकन खाली येतो. हवेत दमटपणा आला की कूलर कामाचा राहत नाही, मग कूलरबद्दल वाचणार कोण? जुलै-ऑगस्टमध्ये मला मेच्या एक पंचमांशही मिळत नाही. हिवाळ्यासाठी म्हणून मी गीझर आणि पाणी तापवायच्या रॉडवर पानं लिहिली, त्यानं डिसेंबर थोडा सावरला. पण 'महिन्याला' असं काही या कमाईत नसतं. वर्षाचा हिशेब करून बाराने भागायचं, आणि घराचा हप्ता त्या भागाकारावर ठेवायचा नाही.

शोधणारे लोक मराठीत विचारतात, पण टाइप करतात इंग्रजी अक्षरांत, आणि अर्धे शब्द हिंदी असतात. बाबा 'ताटी' म्हणायचे, पुण्याचा वाचक 'कूलरचं गवत' म्हणतो, कोणी 'खस' म्हणतो, कोणी 'जाळी'. मी हे सगळे शब्द पानात एकेकदा तरी येऊ देतो. एवढ्यानंही वाचक वाढतात. छापील मराठीचा आग्रह धरून 'वायुशीतक' लिहाल तर तुमच्याकडे फक्त तुमचे मास्तर येतील.

आता ॲडसेन्सच्या मंजुरीबद्दल. माझा पहिला अर्ज परत आला आणि चूक माझीच होती. कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून उतरवलेली अकरा पानं टाकली होती. दुसऱ्या वेळी बोअरच्या पाण्यानं क्षार धरून पांढरी पडलेली ताटी, जळालेलं वाइंडिंग, मल्टिमीटरचा आकडा असे स्वतः काढलेले फोटो टाकले, 'आमच्याविषयी' आणि गोपनीयता धोरणाची पानं केली, तेव्हा झालं. आता हे आणखी महत्त्वाचं झालंय. ऑगस्ट 2024 मध्ये भारतात गूगलच्या शोधाच्या पानावरच इंग्रजी-हिंदीत एआयचं उत्तर दिसायला लागलं. 'दीड टन म्हणजे किती' एवढ्यासाठी आता कोणी तुमच्यापर्यंत येणार नाही. स्वतःच्या हातानं उघडलेल्या मोटरीचा फोटो बघायला येतील.

कमाई 10 डॉलर झाली की पत्ता पडताळायला पोस्टानं पिनचं पत्र येतं. साधं टपाल, रजिस्टर नाही. माझं पहिलं पत्र आलंच नाही. महिनाभरानं दुसरं मागवलं. तेही नाही. मग पत्ता नीट पाहिला तर मी नुसतं ले-आउटचं नाव आणि 'शाळेच्या मागे' एवढंच लिहिलं होतं, प्लॉट नंबर नाहीच. तिसऱ्या पत्राच्या वेळी पोस्टमनला आधीच सांगून ठेवलं. त्यानं एका दुपारी घडी घातलेला कागद हातात दिला आणि म्हणाला, "हे तर दोनदा आलं होतं, कोपऱ्यावरच्या किराण्यात ठेवून दिलं ना." किराणावाल्याकडे दोन्ही पत्रं लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली. तर प्लॉट नंबर लिहा. चार महिने पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात.

पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय निघत नाहीत. त्यानंतर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखांच्या दरम्यान सुटतात आणि थेट बँकेत जमा होतात. परदेशातून रक्कम येते म्हणून पहिल्यांदा बँक विचारते, कशाचे पैसे. जाहिरातीचे, असं सरळ सांगायचं. हे करपात्र उत्पन्न आहे, पगारासोबत दाखवावं लागतं. सेवांसाठी जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, तिथवर तुम्ही-मी पोचलो तर सीएची फी आनंदानं भरू.

आता माझ्या हातून झालेली सगळ्यात महागडी चूक. 2021 चा मे होता, सगळे घरात बसलेले. माझ्या भाच्यानं कौतुकानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, 'मामाच्या वेबसाइटवर जाऊन सगळ्यांनी जाहिरातीवर टिचकी मारा, मामाला पैसे मिळतात.' आमचं खानदान मोठं आहे, काटोलपासून गोंदियापर्यंत. त्या दिवशी कमाई एकदम पाचपट दिसली. मी खूश. दोन दिवसांनी जाहिराती जवळपास दिसेनाशा झाल्या: खात्यावर मर्यादा, कारण अवैध टिचक्या. नवतपा त्यातच गेला. खातं वाचलं हेच नशीब. मावशीला अजून वाटतं की तिनं मला मदत केली होती. घरच्यांना वेबसाइटचा पत्ता देऊच नका, किंवा देताना बजावून द्या. तसंही 2024 च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स टिचकीऐवजी जाहिरात दिसण्याचा हिशेब धरून पैसे देतं. गूगल ॲड्समार्फत आलेल्या जाहिरातीवर जाहिरातदाराच्या 100 रुपयांतले साधारण 68 आपल्याकडे येतात.

जाहिरात कुठे बसते, यावरही लक्ष ठेवा. सुरुवातीला मी ते काम आपोआप होणाऱ्या सेटिंगवर सोडलं होतं. एकदा करंटचं पान मोबाइलवर उघडून पाहिलं. पहिली सूचना: 'आधी प्लग काढा.' मग स्क्रीनभर फ्लॅटची जाहिरात. मग खाली, अंगठ्यानं दोनदा सरकवल्यावर, दुसरी सूचना: 'प्लग निघेपर्यंत टाकीला आणि पाण्याला हात लावू नका.' आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, महावितरण दरवर्षी सूचना काढतं. मी त्या पानावरच्या जाहिराती पूर्ण बंद केल्या. माझं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान आज एक रुपया देत नाही. पण तिथून काही लोक अर्थिंग आणि थ्री-पिनच्या पानावर जातात, तिथे मिळतं थोडं.

माझ्याबाबतीत खरी कमाई भलतीकडूनच सुरू झाली. इतवारीतल्या एका कूलरवाल्यानं एसीचं पान वाचून फोन केला, म्हणाला, "तुम्ही तर कूलरचीच बाजू घेऊन राहिले, मग माझं नाव टाका ना तिथं." मार्च ते जून, चार महिने, ठरलेली रक्कम, पानावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहून. त्या चार महिन्यांत त्याच्या एका चौकटीनं ॲडसेन्सच्या बरोबरीनं पैसे दिले. डॉलर नाही, पिन नाही, 21 तारखेची वाट नाही. आता असे तिघे आहेत. तुमचा विषय असा निवडलात की नागपुरातलाच एखादा दुकानदार, क्लासवाला किंवा रोपवाटिकावाला स्वतःहून फोन करेल, तर 30 हजारांची वाट बरीच जवळची होते. फक्त पैशाचं बोलणं आधी करा. त्या पहिल्यानं पहिल्या वर्षी निम्मे रोख दिले आणि निम्म्याच्या ताट्या आणून टाकल्या. त्या अजून आमच्या माळ्यावर पडून आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा.