पाचशेच्या बॉण्डवर घटस्फोट होत नाही

‘कोर्टाची पायरी न चढता, आपसात लिहून घटस्फोट होतो का?’ ही विचारणा काही थांबत नाही. त्यातलेच हे काही प्रश्न.

प्रश्न : लग्नाला आठच महिने झालेत, दोघांचीही संमती आहे. अर्ज करावा का? (सातपूर)

उत्तर : नाही. आधी किमान एक वर्ष वेगळे राहावे लागते.

प्रश्न : आम्ही मुला-सुनेची पाचशेच्या बॉण्डवर फारकत लिहून नोटरी केली. दोन साक्षीदारही आहेत. आता मुलासाठी स्थळे बघतोय. चालेल ना? (निफाड)

उत्तर : चालणार नाही. स्थळे बघणे आजच थांबवा. ‘आजपासून उभयतांचा एकमेकांशी काहीही संबंध राहिलेला नाही’ हे ठरलेले वाक्य, खाली गोल शिक्का. त्या शिक्क्याने फार तर सही कोणाची ते कळते, लग्न मोडत नाही. शंभराचा बॉण्ड पाचशेचा झाला, पण कागदाचे वजन वाढले नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब (परस्पर संमतीने घटस्फोट) प्रमाणे न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. केंद्राच्या विधी विभागाने २०२४ मध्ये नोटरींना विवाह-घटस्फोटाचे कागद करू नका असे बजावले, तरी ‘तासाभरात काम’ म्हणणारे भेटतातच. सून आजही कायद्याने पत्नी आणि वारस आहे. मुलाचे दुसरे लग्न रद्दबातल ठरेल, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आमच्या समाजात चालते’ म्हणाल, तर रूढीला कायद्यात जागा आहे, पण ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. पंचांचे तोंडी बोलणे पुरत नाही. तो कागद घेऊन वकिलाकडे जा. (मुस्लिम कायद्यातला मुबारात, म्हणजे आपसी संमतीचा तलाक, वेगळा, त्याची गल्लत नको.)

प्रश्न : एकाच घरात राहतो, पण संसार नाही. हे वेगळे राहणे धरतात का? (सिडको)

उत्तर : धरू शकतात. पटवून देण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : संमतीचा अर्ज केल्यावर सहा महिने थांबावेच लागते का? मुलगी परदेशात आहे. (नाशिकरोड)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, पण मुलांचा ताबा, पोटगी, स्त्रीधन सगळे मिटलेले हवे आणि निर्णय न्यायाधीशांचा. व्हिडिओवरून हजेरीची परवानगी मागता येते. हुकूमनाम्याआधी एकाने संमती मागे घेतली, तर हा मार्ग बंद. म्हणून अटींचा मसुदा सहीआधी स्वतःच्या वकिलाला दाखवा, समोरच्याच्या नव्हे.