पक्षकार सुटला, म्हणून याचिका संपली का?

अनेक आशीर्वाद.

पक्षकार तुरुंगातून सुटला, आता शुक्रवारी बोर्डावर काय सांगू, असं तू विचारलंस. सरकारी वकील उठून म्हणणारच, "तो बाहेर आहे, याचिका निष्फळ झाली." लगेच मान डोलवू नकोस.

आधी याचिकेतल्या विनंत्या पुन्हा वाच. फक्त 'सोडा' एवढंच मागितलं असेल, तर ते मागणं खरंच संपलं. शिक्षा भोगून झालेल्याची फर्लोची, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या ठरावीक रजेची, याचिका ताणण्यात तर काहीच अर्थ नाही. कोर्ट वैतागतं, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पण तुझं प्रकरण एमपीडीएचं आहे, म्हणजे धोकादायक मानलेल्या माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याचं. त्यात जास्तीत जास्त १२ महिने स्थानबद्ध ठेवता येतं, आणि सुनावणीला नंबर लागेपर्यंत त्यातले बरेच उलटून जातात. माणूस सुटला तरी आदेश फाइलीत राहतो. पोलिसांनी उद्या नवा प्रस्ताव पाठवला, तर जुना आदेश त्यात डोकावणारच. तो कोर्टाने रद्द केलेला असेल, तर त्यातली कारणं नव्या आदेशात वापरता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. तुझा युक्तिवाद इथून सुरू कर.

रुदुल साह खटला काढून वाच. १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२ पर्यंत बिहारच्या तुरुंगात होता. त्याची हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कैदेतून सोडवण्याची याचिका, सुनावणीला आली, तेव्हा राज्याने सांगितलं की त्याला आधीच सोडलंय. सुटकेची विनंती तिथेच संपली. मात्र याचिकेत भरपाई आणि पुनर्वसनही मागितलं होतं, म्हणून प्रकरण जिवंत राहिलं आणि १९८३ मध्ये आधीच्या ५,००० रुपयांवर आणखी ३०,००० द्यायचा आदेश झाला. रक्कम तुटपुंजीच. पण याचिका लिहिणाऱ्याने त्या जादा ओळी घातल्या नसत्या, तर तेवढंही हाती लागलं नसतं.

दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलाचा यात घोळ करू नकोस. शिक्षा भोगून झाली तरी ते चालतं. अरे, कैदेच्या शिक्षेविरुद्ध अपील करणारा वारला, तरी जवळचे नातेवाईक ३० दिवसांत परवानगी मागून ते पुढे नेऊ शकतात! दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. नोकरीच्या अर्जातला 'कधी शिक्षा झाली आहे का' हा रकाना वेगळाच.

तेव्हा आदेश बेकायदा ठरवून रद्द करावा, ही विनंती तुझ्या याचिकेत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच तयार कर. त्याआधी पक्षकाराला विचार. कित्येकांना पुन्हा कोर्टाचं तोंड बघायचं नसतं, आणि निर्णय त्याचा आहे. एवढं करूनही खंडपीठ याचिका निकाली काढायला निघालं, तर 'सर्व मुद्दे खुले ठेवून' हे शब्द मागून घे, म्हणजे ते मुद्दे पुढे पुन्हा मांडता येतील. न्यायाधीश आदेश सांगत असताना, डिक्टेशनमध्ये ते ऐकू आले नाहीत, तर तिथल्या तिथे उभा राहा. संध्याकाळी स्टेनोकडे जाऊन काही होत नसतं.