41 दिवस गेले, 19 उरले: समर्पण केलेली मुलगी परत मिळेल का, आणि तिच्या बापाकडून पोटगी?

प्रश्न: मी 24 वर्षांची आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिथं ओळख झालेल्या मुलासोबत दोन वर्षं शहरातच भाड्याच्या खोलीत राहिले. लग्न करू, करू म्हणत राहिला. मला सातवा महिना लागला तेव्हा तो चाकणला नोकरीला गेला, तो परत आलाच नाही. मुलगी झाली. घरच्यांनी फार त्रास दिला, शेवटी भावानं मला बालकल्याण समितीसमोर नेलं आणि मी समर्पणपत्रावर, म्हणजे मूल दत्तकासाठी समितीच्या हवाली करण्याच्या कागदावर, सही केली. आता मला माझी मुलगी पाहिजे. तो म्हणतो, मूल माझं नाहीच, हिंमत असेल तर डीएनए करून दाखव. आणि दुसरीकडं मध्यस्थाच्या हातून निरोप पाठवतो की 50 हजार घे आणि पाचशेच्या स्टॅम्पवर 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून दे. माझ्याकडं लग्नाचा कागद नाही. जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही. मी काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं तेव्हा सहीला 41 दिवस झाले होते. म्हणून पहिली गोष्ट तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितली. तुमच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथं पुन्हा लिहितो.

बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 35 नं समर्पण करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. दत्तक नियमावलीत हीच मुदत सहीच्या दिवसापासून 60 दिवस अशी मोजली आहे. तेवढ्या दिवसांत मूल कुणालाही दत्तक देता येत नाही. मुदत उलटली की समिती त्या मुलीला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करू शकते, आणि मग आईचं ऐकून घ्यायला कायद्यात जागा जवळजवळ राहत नाही. म्हणजे तुमच्या हातात 19 दिवस आहेत. डीएनए, पोटगी, त्याचं चाकण, सगळं त्यानंतर.

साध्या कागदावर, मराठीत, समितीच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहा: अमुक तारखेला मी समर्पण केलं, आता ते मागं घेत आहे, मुलगी माझ्या ताब्यात द्यावी. सोबत समर्पणपत्राची प्रत, आधार, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. तोंडी सांगून आलात तर उद्या कागदावर काहीच नसेल. तुमचं लग्न झालेलं नसल्यानं समर्पणाला तुमची एकटीची सही पुरली होती. ते मागं घ्यायलाही भावाची किंवा वडिलांची परवानगी लागत नाही.

समिती तुम्हाला विचारेल की राहणार कुठं, मुलीला सांभाळणार कोण, पैसे कुठून येणार. हे प्रश्न तुम्हाला हिणवायला नसतात. ते विचारणं समितीचं कामच आहे, म्हणून रडून उत्तर देऊ नका, तयारीनं द्या. पगाराची चिठ्ठी, मावशीकडं राहणार असाल तर मावशीला सोबत, पाळणाघराची चौकशी केलेली असेल तर तेही सांगा. शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात आणि अविवाहित आईचं मूल त्या योजनेत बसतं. त्याचा अर्जही त्याच खेपेला मागा. सही केली म्हणजे मूल टाकून दिलं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. समर्पण ही कायद्यानं दिलेली सोय आहे आणि परत येण्याची वाटही कायद्यानंच ठेवली आहे. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, 1875 मध्ये अशा बाळांसाठी बालकाश्रम उघडावा लागला होता. तुमच्यावर आलेली वेळ या मुलखाला नवी नाही.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो. बालकल्याण समिती पोटगी ठरवत नाही. अनेक बायका तिथंच बापाविरुद्ध तक्रार देऊन थांबतात आणि वर्ष निघून जातं. पोटगीसाठी न्यायालयातच जावं लागतं.

आता तो म्हणतो त्याकडे येऊ. तुमच्या पत्रात चार ठिकाणी 'माझ्याकडं लग्नाचा कागद नाही' हे वाक्य आहे. ताई, या दाव्यात तो कागद कुणी मागणारच नाही. पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे, 1 जुलै 2024 पासून. त्यात अपत्य औरस असो वा अनौरस, सांभाळायची जबाबदारी बापावर आहे, असं सरळ लिहिलं आहे. अर्जदार तुमची मुलगी असेल, तुम्ही तिच्या पालक म्हणून सही कराल. तुमचं त्याच्याशी नातं काय होतं, कुणी कुणाला फसवलं, हा तिचा प्रश्न नाही. तिचा प्रश्न एवढाच, की हा माझा बाप आहे का आणि तो कमावतो का.

हे सिद्ध मात्र तुम्हालाच करावं लागेल. विवाहित बाईचं मूल असतं तर नव्या पुरावा कायद्याच्या (भारतीय साक्ष्य अधिनियम) कलम 116 प्रमाणे, लग्न टिकून असताना किंवा मोडल्यावर 280 दिवसांच्या आत जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं जातं, आणि ते नाकारायचं तर दोघांचा त्या काळात संबंध येणंच शक्य नव्हतं हे त्याला दाखवावं लागतं. तुम्हाला हा आधार नाही. पण 'डीएनए करून दाखव' या त्याच्या धमकीत त्याला वाटतो तेवढा दम नाही.

न्यायालय पहिल्या तारखेला कुणालाही सुई टोचायला पाठवत नाही. गौतम कुंडू प्रकरणात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी तपासणी सरसकट मागता येत नाही, आधी अर्जदाराच्या बाजूनं प्रथमदर्शनी काहीतरी उभं राहिलं पाहिजे. म्हणून डीएनएच्या आधी कागद गोळा करायचे, आणि तुमच्याकडं ते आहेत, तुम्हाला त्यांची किंमत कळलेली नाही एवढंच. तुमच्या केसपेपरवर नवऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलंय, असं तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय. ती नोंद त्याच्यासमोर, भांडण सुरू व्हायच्या आधीची आहे, म्हणून फार मोलाची. सोनोग्राफी केली त्या केंद्रात फॉर्म एफ भरलेला असेल, त्यातही पती किंवा वडिलांचं नाव असतं आणि तो फॉर्म केंद्राला दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. घरमालक आणि शेजारीण साक्षीला येतील का, आत्ताच विचारा. त्यानं खोलीचं भाडं फोनवरून भरलं असेल तर बँकेचा उतारा काढा. गड्ड्याच्या यात्रेतला तुमचा दोघांचा फोटो आहे म्हणता, तो मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन आणि त्याच पुरावा कायद्याच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून तो फोन विकू नका, दुरुस्तीला टाकू नका, राग आला म्हणून चॅट पुसू नका. 'डीएनए करून दाखव' हा मेसेजसुद्धा ठेवा. तोच पुढं तपासणीला नकार देऊ लागला तर न्यायाधीशांना दाखवता येईल.

एवढं उभं राहिलं की तपासणीचा अर्ज करायचा. न्यायालयाच्या आदेशानं तिघांचे थोडे रक्ताचे नमुने घेतात, ओळख पटवून, फोटो लावून, सीलबंद करून सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. मुलीच्या गुणसूत्रांतला निम्मा भाग तुमचा असतो, उरलेला निम्मा बापाच्याच नमुन्यात सापडला पाहिजे. खासगी लॅबमधून गुपचूप काही करायला जाऊ नका. नमुना कुणाचा होता हेच सिद्ध होत नाही आणि पैसे वाया जातात.

तो आलाच नाही तर? सर्वसाधारणपणे न्यायालय माणसाला धरून रक्त काढायला लावत नाही. पण कारण नसताना नकार दिला तर निष्कर्ष त्याच्या विरुद्ध काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं शारदा विरुद्ध धर्मपाल या 2003 च्या निकालात सांगितलं आहे. वर सांगितलेल्या कागदांच्या जोडीला असा नकार आला की त्याची बाजू फार लंगडी होते.

अर्ज कुठं? तो चाकणला असला तरी तुम्हाला तिकडं हेलपाटे घालायची गरज नाही. मुलाच्या आईसोबत तो शेवटी जिथं राहिला, त्या जिल्ह्यात अर्ज चालतो. तुमची खोली शहरात होती, म्हणून सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाई आणि मूल यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि 15100 या क्रमांकावरही विचारता येतं.

मूळ अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत ती ठरवावी असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवत नाही. पण रजनीश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालामुळं पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दोघांना उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणून अर्ज जितका लवकर, तितकं मुलीचं नुकसान कमी. आदेश झाल्यावरही तो पैसे थकवेल, तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करा. पुष्कळ बायकांचे पैसे इथंच बुडतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही.

आता ते 50 हजार. अठरा वर्षांचे 216 महिने. भागाकार करा, महिन्याला 231 रुपये पडतात. एवढ्यात बाळाच्या दुधाचंही भागणार नाही. आणि रक्कम मोठी असती तरी माझं उत्तर हेच असतं. मुलीचा हक्क तुम्ही स्टॅम्पवर सोडून देऊ शकत नाही, तसा करार न्यायालयात टिकत नाही. पण तो कागद तो प्रत्येक तारखेला फडकवेल आणि तुमची उलटतपासणी त्यावरच होईल. सही करू नका. मध्यस्थाला भेटायला एकट्या जाऊ नका.

त्यानं मुलगी हिसकावून नेण्याची भीती घातली असेल तर तीही सोडा. तुम्ही दोघं हिंदू आहात, आणि हिंदू कायद्याप्रमाणे अनौरस अपत्याची नैसर्गिक पालक आधी आईच असते, बाप तिच्यानंतर.

लग्नाचं खोटं आमिष दाखवल्याबद्दल फौजदारी तक्रार करायची का, असंही तुम्ही विचारलं आहे. तो अधिकार तुमचा आहे, पण सुरुवातीपासूनच त्याचा लग्नाचा इरादा नव्हता हे तिथं दाखवावं लागतं, आणि ते कठीण जातं. माझं मत, ती तक्रार पोटगीच्या सौद्यात कधीही वापरू नका आणि दोन्हींची कागदपत्रं वेगळी ठेवा. तुमच्या स्वतःच्या पोटगीसाठी घरगुती हिंसाचार कायद्याचा मार्ग आहे, तोही स्वतंत्र अर्जानं. मुलीचा अर्ज एकटा, स्वच्छ जाऊ द्या.

जन्मदाखल्यावर बापाची जागा रिकामी आहे ती सध्या रिकामीच राहू द्या. खोटं नाव घालू नका. न्यायालयानं पितृत्व मान्य केलं की त्या आदेशावर नोंद दुरुस्त करून मागता येईल. राज्याच्या नियमानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव आधी लागतं, ते तुमच्या मुलीला आजच लावता येतं.

समितीकडं जाताना कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाका, आवक शिक्क्याची प्रत घ्या आणि त्या प्रतीचा फोटो मला पाठवा. मुलगी घरी आल्यावर केसपेपर, फोन आणि खोलीच्या मालकाचा नंबर घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात या.