नवा प्लगही काळा पडतो, तेव्हा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. माझी कार्बुरेटरची जुनी मोटारसायकल पावसाळ्यात सकाळी लवकर सुरू होत नाही आणि चढाला अडखळते. मेकॅनिक दर वेळी प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) बदलतो, पण थोड्याच दिवसांत नवा प्लगही काळा होतो. बाजारात प्लगच खराब येतात का?

उत्तर : एकामागून एक नवे प्लग त्याच रीतीने काळे पडत असतील, तर दोष बहुधा प्लगमध्ये नसून दुसरीकडे आहे. म्हणून काढलेला प्लग फेकण्याआधी त्याचे टोक उजेडात नीट पाहावे. काजळी कोरडी असून बोटाने पुसली जात असेल, तर हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे. चोंदलेला एअर फिल्टर किंवा पुरता न सुटणारा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) हे याचे नेहमीचे कारण, आणि तपासणीची सुरुवात फिल्टरपासूनच करावी. आपण गाडी फक्त गावातल्या गावात फिरवत असाल, तर तेही कारण असू शकते, कारण प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय त्यावरची काजळी जळून जात नाही. काळा थर ओला व तेलकट असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर मात्र इंजिनचे तेल सिलिंडरमध्ये जाऊ न देणारे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असण्याची शक्यता मोठी असून, तिथे प्लग बदलून काहीही साधणार नाही.

आता पावसाचा आणि चढाचा संबंध. चढावर थ्रॉटल जास्त उघडल्याने सिलिंडरमधील दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. अशा वेळी प्लगची कॅप ओली असेल किंवा वायरचे रबर तडकलेले असेल, तर वीज फटीतून जाण्याऐवजी इंजिनच्या धातूकडे पळते. सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी चोर्ला घाटात अडखळते, ती पुष्कळदा यामुळेच. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल प्लगला भिजवते, आणि तो आणखी लवकर काळा पडतो. रात्री अंधारात, गाडी मोकळ्या जागेत उभी करून, हात न लावता चालू इंजिनची कॅप व वायर पाहावी. बाहेर निळसर ठिणगी दिसल्यास तो भाग बदलावा. फट वाढली असली, तरीही हीच लक्षणे दिसतात, म्हणून ती फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी.

पुस्तिकेतील प्लगचा क्रमांकही पाहावा. आटे जुळतात म्हणून दुकानात मिळेल तो प्लग बसवण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोडायला हवी, कारण चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, हे सांगणारा आकडा) प्लग एक तर सतत काजळतो, नाहीतर इतका तापतो की पिस्टनलाच धोका पोहोचतो. नवा प्लग इंजिन थंड असताना आधी हातानेच पूर्ण फिरवून बसवावा आणि मगच पान्याने आवळावा.