उत्तर: गोल्फमध्ये इम्पॅक्टला (क्लब चेंडूला लागताना) उजवं कोपर सरळ करायला जाऊ नका

तुम्ही लिहिलंय, सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारताना चेंडूआधी जमीनच खणली जाते आणि फोटोतल्या प्रो खेळाडूसारखे दोन्ही हात सरळ करायला गेलं की आणखी बिघडतं. वाचून माझं कोपर पुन्हा ठणकलं. माझी दोन वर्षं यातच गेली.

ग्रिप (क्लबची पकड), स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) यांत शिरत नाही. उजव्या हातानं खेळता असं धरतो.

तो फोटो बहुतेक इम्पॅक्टचा नाहीच. चेंडू क्लबला जेमतेम अर्धा मिलिसेकंद टेकलेला असतो. मोबाइल स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंद. तेवढ्यात क्लबहेड (चेंडूला लागणारं टोक) अर्ध्या फुटाच्या आसपास पुढं गेलेलं असतं. दोन्ही हात सरळ होतात ते चेंडू सुटल्यावर. लागताना डावा हात सरळ, उजवं कोपर अजून थोडं वाकलेलं, मुठी चेंडूच्या पुढं, कंबर टार्गेटकडं वळलेली. मी पुढची पोझ आधीच गाठायला जायचो. उजवा हात लवकर सरळ झाला की मनगटाचा कोनही सुटतो, मग क्लब चेंडूच्या अलीकडंच आपटतो.

यात भर घातली पुण्यातल्या एका शिकवणीनं. नाव नको. पहाटे उठून सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, आणि तिथं ऐकायचं काय, तर ‘दोन्ही हात काठीसारखे ठेवा’. दहा सेशनची फी आगाऊ. चौथ्यालाच कोपराच्या आतल्या बाजूनं कळ यायला लागली. सांगितलं, तर ‘सवय होईल’. उरलेल्या सहांचे पैसे मागितले, तर आधी अर्ज करा, मग साहेब रजेवर, मग नियमात बसत नाही. नेमकं कुठं दुखतंय, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही!

मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच. दुखत असेल तर आधी दाखवा.

मला फरक पडला तो नॅपकिननं. सोलापुरात टॉवेल-नॅपकिनला काय तोटा! उजव्या काखेत धरायचा, कमरेपर्यंतचाच स्विंग, चेंडू जाईपर्यंत तो पडता कामा नये. फुल स्विंगला हे करू नका, तिथं दंड अंगापासून सुटणारच. ड्रायव्हरलाही (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) मुठी एवढ्या पुढं नकोत.

आणि डाव्या हाताचा फार बाऊ नको. अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथचं डावं कोपर इम्पॅक्टला वाकलेलं दिसतं, तरी २०१५ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा त्यानंच जिंकल्या. नक्कल मात्र करू नका, तुमच्या कमरेला ते झेपणार नाही असं आपलं माझं मत.

मी गच्चीवर जाळीमागं जुनी चादर टांगून मारतो, एप्रिल-मेत सकाळी सातच्या आत. व्हिडिओ समोरून, छातीच्या उंचीवरून काढा, तिरका काढला तर हात फसवे दिसतात. फक्त मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवू नका. माझ्या टाकीला झाकण नव्हतं.