जुनी जीटी घेऊ की नको? : गाडीवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो, वय २७, चिंचोली एमआयडीसीत नोकरीला आहे, रोजचं येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर होतं आणि महिन्यातून एकदा बहिणीकडं हैदराबादला जाणं असतं. पुण्यात एक २०१७ ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) बघून आलोय, पांढरी, ६२ हजार किमी, दुसरा मालक, पावणेसहा लाख म्हणायलाय. चालवली आणि खरं सांगतो तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पण सगळीकडं वाचायलोय की तिचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जातो आणि लाखाच्या पुढं खर्च येतो. मालक स्वतःच म्हणाला गेल्या वर्षी गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक बदललाय, ते ऐकून तर आणखीच भीती बसली. पप्पा म्हणायलेत स्विफ्ट घे, डोळे झाकून चालते. सगळे मिळून साडेसहा लाख आहेत माझ्याकडं. काय करू?

उत्तर : पप्पांचं चुकत नाही, हे आधी सांगतो. स्विफ्ट मोहोळला बंद पडू दे नाहीतर टेंभुर्णीला, कुणीतरी बॉनेट उघडतो, पार्ट त्याच दिवशी मिळतो आणि संध्याकाळी तू घरी. "डोळे झाकून" म्हणजे पप्पांना एवढंच म्हणायचंय. तू जी गाडी बघितलीयस ती डोळे उघडे ठेवून घ्यायची गाडी आहे, आणि ते जमत असेल तर मी तुला अडवणार नाही, कारण ती काय चीज आहे ते मला माहितीय. १२०० सीसीचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ, आणि तो टॉर्क इतक्या खालच्या आरपीएमला येतो की इंदापूरजवळ ट्रकला ओव्हरटेक करताना पाय नुसता दाबायचा अवकाश.

आता गिअरबॉक्सचं. ह्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, डीक्यू २०० म्हणतात त्याला. आत दोन क्लच असतात, एकाकडं एक-तीन-पाच-सात आणि दुसऱ्याकडं दोन-चार-सहा, म्हणून गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. पण हे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात, त्यामुळं गर्दीत गाडी इंच-इंच पुढं सरकवत राहिलं की क्लच घासतो, तापतो, आणि ती उष्णता काढून न्यायला तेल नसतं. त्या क्लचना आणि गिअरना हुकूम देणारा जो भाग, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र असलेला, तो मेकाट्रॉनिक. तो गेला की डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं, कधी नुसते विषम गिअर राहतात नाहीतर नुसते सम, कधी गाडी जागची हलत नाही. ह्या गिअरबॉक्सची तक्रार फक्त आपल्याकडची नाही बरं का, २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला ह्याच्यापायी ३ लाख ८० हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरात १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल ऑइल भरायचं ठरलं. तुझी गाडी त्याच्या नंतरची आहे, पण कोरडा क्लच तो कोरडाच, आणि सोलापूरचा मे महिना तुला मी सांगायला नको, ४३-४४ डिग्रीत सात रस्त्याच्या सिग्नलला उभा राहून बघ.

तरीपण तू ज्या गोष्टीला घाबरलास तीच मला ह्या गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. मेकाट्रॉनिक बदललाय म्हणजे सगळ्यात मोठा खर्च आधीच्या मालकाच्या खिशातून गेलाय! ज्या गाडीत ६२ हजारांपर्यंत काहीच झालेलं नाही तिची मला जास्त काळजी वाटते, कारण तिचं काय व्हायचं ते तुझ्याकडं आल्यावर होणार. फक्त हे सगळं खरं कधी, तर बिल असेल तेव्हा. अधिकृत वर्कशॉपचं बिल, त्यावर चेसिस नंबर, तारीख, त्या वेळचं किलोमीटर, आणि नवीन युनिट घातलं की जुनंच उघडून रिपेअर केलं ते लिहिलेलं पाहिजे, कारण दोन्हींत फरक आहे. नव्या पार्टवर वॉरंटी शिल्लक आहे का आणि मालक बदलल्यावर ती चालू राहते का तेही विचार. आणि त्याच वेळी क्लचपॅक, म्हणजे ते दोन्ही क्लच, बदलला का? बऱ्याचदा मेकाट्रॉनिक बदलतात आणि झिजलेला क्लच तसाच ठेवतात, मग सहा महिन्यांनी गिअरबॉक्स परत खाली उतरवायला लागतो. मालक म्हणाला बिल हरवलंय, तर वर्कशॉपला चेसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्ट्री काढता येते, मालकानं होकार दिला की देतात. तो होकार द्यायला टाळाटाळ करायला लागला तर गाडी कितीही चकाचक असू दे, परत फिर.

माझी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक जुनी टर्बो हॅचबॅक घेतली होती, कुठली ते सांगत नाही. पुण्याहून येताना सावळेश्वर टोलच्या अलीकडं भर दुपारी गिअर पडायचे बंद झाले, सोबत आई होती. बिघाड म्हणाल तर फार मोठा नव्हता, शेवटी निघाला एक सेन्सर. पण त्या गाडीचा स्कॅनर तेव्हा मला सोलापुरात कुणाकडं सापडला नाही, फ्लॅटबेडवर टाकून परत पुण्याला पाठवावी लागली आणि पार्ट यायला, नंबर लागायला धरून १९ दिवस गेले. पार्टच्या किमतीपेक्षा फ्लॅटबेडचं भाडं आणि माझ्या फेऱ्या महाग पडल्या. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीच्या बाबतीत आधी हे विचारतो की ही उघडणारा माणूस माझ्यापासून किती लांब आहे. तू पण पैसे द्यायच्या आधी इथल्या दोन-तीन चांगल्या गॅरेजवाल्यांना विचार की डीएसजीचा क्लच बदलल्यावर त्याचं अ‍ॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सला नवा क्लच ओळखायला शिकवणं) करायचं सॉफ्टवेअर आहे का तुमच्याकडं आणि शेवटचं कधी केलंत. "सगळं होतं की, आणा तुम्ही" असं म्हणणारा नको, नेमकं काय केलं ते सांगणारा पाहिजे. तसा कुणी नाही मिळाला तर तुझं गॅरेज पुण्यात किंवा हैदराबादला आहे असं धरून चाल, म्हणजे २५० नाहीतर ३०० किलोमीटर.

गाडी परत बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांग की मी आल्याशिवाय सुरू करू नको. बॉनेटला हात लावून बघ, कोमट लागलं तर त्यानं आधीच तापवून ठेवलीय. थंड इंजिन सुरू होताना खडखड येते का ते ऐक, कूलंटची पातळी बघून फोटो काढून ठेव, आणि मग निदान पाऊण तास चालव, त्यातली वीस मिनिटं तरी गर्दीत, कारण मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक डीएसजी गुणी असतो. चालण्याच्या वेगात पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर होते का, चढावर रिव्हर्स घेताना धक्का देते का, हे दोन बघितलंस तर क्लचची निम्मी कहाणी कळते. परत आल्यावर गाडी थंड होऊ दे आणि कूलंट पुन्हा फोटोशी ताडून बघ, टर्बो गाडीत कूलंट गळणं मला तेल गळण्याइतकंच वाईट वाटतं. आणि हजार-दोन हजार गेले तरी चालतील पण स्कॅन करून घे, नुसता ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर नको, गिअरबॉक्सचा मॉड्यूल वाचणारा पाहिजे, त्यात क्लचची किती झीज झालीय त्याचा अंदाज येतो आणि कुणी कालच सगळे फॉल्ट पुसलेत का तेही जाणकाराला कळतं.

पाण्यात बुडालेली गाडी नाही ना, हेही बघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला जो पूर आला त्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या पुसूनपासून दुसऱ्या गावात विकल्या गेल्या असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, खालच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघ, डिकीतली स्टेपनी उचल, सीटच्या खालचे नटबोल्ट गंजलेत का बघ. वास तर कुठलाही परफ्यूम मारला तरी पहिल्या पावसाळ्यात परत येतो.

इथेनॉलचं पण सांगतो, कारण हल्ली प्रत्येकजण विचारतो. ही गाडी बनली तेव्हा पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नव्हतं, आता तेच मिळतं (त्यातलं बरंच आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतलं असेल). लगेच काही होत नाही, पण इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घे, पेट्रोलचा वास येत असेल तर दुर्लक्ष नको, आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडणार हे धरून चाल.

आता पैसे. साडेसहातले पावणेसहा त्याला दिलेस तर राहिले ७५ हजार. त्यात ट्रान्सफर, इन्शुरन्स, पहिली सर्व्हिस, आणि टायर जुने असतील तर टायर (कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तसले टायर असतील तर बदलायचेच). म्हणजे गिअरबॉक्ससाठी तुझ्याकडं शून्य. अशी गाडी घेणाऱ्यानं दीड लाख बाजूला ठेवलेच पाहिजेत, आणि ते बाजूचे दीड लाख हीच खरी वॉरंटी. तर माझं मत असं, मेकाट्रॉनिक आणि क्लच दोन्हींची बिलं असतील, स्कॅन स्वच्छ असेल आणि तो पाचपर्यंत खाली येत असेल तर घे, आणि ट्रान्सफर-इन्शुरन्स जाऊन जे उरेल त्याला हात लावू नको, दीड लाख होईपर्यंत त्यात भर टाक. बिल नसेल तर पावणेसहाला नको, पाचाला पण नको.

आणि एवढं करूनही मन खात असेल तर दुसरा रस्ता आहे, २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस सहा पोलो. तिच्यात एक लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय, ११० पीएस, टॉर्क तेवढाच १७५, आणि ऑटोमॅटिकमध्ये डीएसजी काढून साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जुना प्रकार) घातला, मॅन्युअलमध्येही मिळायची. आवाज जुन्या चार सिलिंडरसारखा गोड नाही, पण ज्या भागामुळं तुझी झोप उडाली तो भागच त्यात नाही. चाकणला पोलो बनायची २०२२ मध्ये थांबली, त्यामुळं चांगल्या अवस्थेतली मिळायला चार-सहा महिने लागतील, भाव पण थोडा जास्त पडेल. तुझ्या रोजच्या रस्त्याला आणि तुझ्या बजेटला मी मॅन्युअल शोधली असती.

कागदांचं थोडक्यात. पुण्याची एमएच १२ ची गाडी सोलापूरच्या एमएच १३ च्या पत्त्यावर करायला राज्यातल्या राज्यात पुन्हा रोड टॅक्स नाही, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि मालकाचं गाडीवर लोन असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडायचे नाहीत. बहिणीमुळं हैदराबादची स्वस्त गाडी बघायचा मोह होईल, पण परराज्यातली गाडी आणली की एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, ह्यात तो स्वस्तपणा कुठल्या कुठं जातो.

प्रश्न : मी अक्कलकोटला शिक्षिका आहे. बजेट पाच लाखांपर्यंत. मारुतीची बलेनो आरएस आणि फियाटची अबार्थ पुंटो अशा दोन गाड्या आवडल्यात, अबार्थ जास्त. नवऱ्याला दोन्ही पटत नाहीत. कुठली टिकेल?

उत्तर : ताई, अबार्थ पुंटो मनाला का भावते ते मला समजतं, २०१५ साली दहा लाखांच्या आत १४५ घोड्यांची छोटी गाडी आपल्या देशात दुसरी कुणी देत नव्हतं. इंजिनही मजबूत आहे. पण कंपनीनं फियाटच्या गाड्या इथं विकणं बंद केलं, आणि काच, बंपर, हेडलाइट असला एखादा भाग शोधायला तुम्हाला वेगवेगळ्या गावांत फोन करत बसावं लागेल. घरात दुसरी गाडी असेल आणि हीच हौस असेल तर वेगळं, रोज शाळेला जायला एकच गाडी असेल तर बलेनो आरएस घ्या. एक लिटरचं बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, पाच गिअरचं मॅन्युअल, आणि बाकी बहुतेक गाडी साध्या बलेनोचीच, म्हणजे काच-बंपर अक्कलकोटातसुद्धा कुणी बसवून देईल. २०१७ ते २०२० एवढ्याच विकल्या, पण बूस्टरजेट इंजिन २०२३ पासून मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये परत आलंय, त्यामुळं ते ओळखणारे मेकॅनिक वाढतच जाणार. इंजिन ऑइल दर दहा हजारांना किंवा वर्षाला, आधी जे होईल ते, आणि आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर त्याच्याही आधी. मागच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललेलं दिसत नसेल तर ती आरएस सोडा, दुसरी मिळेल, हे इंजिन ऑइलच्या बाबतीत माफ करत नाही. यजमानांना गाडी बघायला सोबत न्या, पण मागच्या सीटवर नको, चालवायला द्या.

प्रश्न : मुलगा जी जुनी टर्बो गाडी घ्यायची म्हणतोय ती रीमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली) आहे, मालक म्हणतो विकताना परत कंपनीचं सेटिंग टाकून देतो. मग अडचण नाही ना? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : आहे. सेटिंग परत टाकलं तरी जेवढी वर्षं जास्त ताकदीवर चालली तेवढी झीज टर्बोत, क्लचमध्ये, गिअरबॉक्समध्ये झालेली असते, ती सॉफ्टवेअरनं परत येत नाही. मालकानं खरं सांगितलं एवढं चांगलं केलं, बरेचजण सांगत नाहीत. रीमॅप कधी केला, त्याआधी किती किलोमीटर झाले होते आणि क्लच कधी बदलला एवढं लेखी मागा, मिळालं तर स्कॅन करून मग भावाचं बोला, आणि इन्शुरन्स कंपनीला हे बदल कळवले होते का तेही विचारा, कारण न सांगितलेल्या बदलावरून उद्या क्लेम अडला तर भरायला तुमच्या मुलालाच लागेल.